मदत हवी आहे: कापूस वेचणीत मुली शाळा बुडवतात, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नाही

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. आठ एकर कोरडवाहू वावर आहे. त्यात पाच एकर पराटी म्हणजे कापूस, बाकी सोयाबीन आणि तूर. मुलगा गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत सहावीला आहे. यंदा पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं. प्रश्न शाळेचा आहे, पण त्याची मुळी माझ्या वावरात सापडली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वरच्या वर्गांतल्या मुली कमी दिसायला लागल्या. मागच्या आठवड्यात मोठ्या सरांकडून हजेरी मागून घेतली आणि एकेक नाव पाहत बसलो. शाळा पूर्ण सोडलेली एकही मुलगी नाही. सोमवारी हजर, मंगळवार-बुधवार गैरहजर, गुरुवारी हजर, मग थेट पुढचा सोमवार. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस शाळा धरली आहे. दहा टक्के दिवस बुडाले की काळजी करावी असं मी वाचलं होतं, म्हणजे वर्षाला २२ दिवस. सहावीतल्या एका मुलीचे जूनअखेर शाळा उघडल्यापासून आतापर्यंतच ३४ दिवस गेलेत. तरी ती 'शाळाबाह्य' मुलांत मोजली जात नाही, कारण त्या यादीत यायला सलग महिनाभर गैरहजर असावं लागतं. दोन दिवस आड येणाऱ्या लेकराला शोधायला कोणी निघतच नाही.

ही मुलगी मला मंगळवारी माझ्याच वावरात दिसली. धुऱ्यावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत तिचा दीड वर्षाचा भाऊ. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून ती झोका देत होती, आणि आईनं तोडून टाकलेल्या बोंडांतून हातानं कापूस काढत होती. बोंडाची वाळली टोकं लागून नखांच्या कडेला चिरा पडल्या होत्या, त्यांत कापसाचे तंतू अडकलेले. मला पाहून ती उठून उभी राहिली. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "काका, अपूर्णांक सरले का?"

सरले होते. माझ्या मुलाची वही मी आदल्या रात्रीच पाहिली होती. वर्ग दशांशावर गेला होता.

तिच्या आईशी बोललो. ती म्हणाली, "भाऊ, पोरीले शायेत धाडतो, पन ह्या लेकराले कोन पाहीन? मी घरी बसू म्हनता का?" काय उत्तर देणार? वेचणी किलोवर असते. आमच्याकडे यंदा किलोला दहा रुपये चाललेत, ती दिवसाला चाळीस किलोच्या आसपास वेचते. लेकरू कडेवर घेऊन पराटीत शिरता येत नाही. आणि खरं सांगायचं तर तिनं घरी बसणं मलाही परवडणारं नव्हतं. बोंडं फुटून लोंबतात, अवकाळी पाऊस आला की कापूस पिवळा पडतो आणि भाव पडतो. चौदा वर्षांच्या आतल्या लेकराकडून दुसऱ्याच्या वावरात काम करून घेणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं. पण झाडाखाली बसलेल्या पोरीला मी कामावर धरतच नव्हतो. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून वेचणी सुरू केली त्या दिवसापासून ती तिथं होती, आणि महिनाभर मी तिच्या शेजारून ये-जा केली. हे मला फार लागलंय.

आम्ही आधी काय केलं तेही सांगतो. ऑगस्टमध्ये, निंदणाच्या दिवसांत, वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांची नावं शाळेच्या फळ्यावर लिहिली. कल्पना माझीच होती. ती चूक झाली. एका मुलीनं त्यानंतर पंधरा दिवस तोंड दाखवलं नाही, तिची आई आजही माझ्याशी बोलत नाही. सरांनी घरोघरी चकरा मारल्या, पण दहा वाजता घरांना कुलूप असतं. समितीत पाऊण सदस्य पालक, निम्म्या बायका असा नियम आहे आणि कागदावर आमच्याकडेही तसंच आहे. पण वेचणीत बैठक लावली की एकही आई येत नाही. ज्यांच्याकडे उत्तर आहे त्या वावरात असतात.

मुलांचंही थोडं आहे, आठवीतले दोघं बकऱ्यामागे जातात. त्याचं वेगळं लिहीन. आत्ता मला या मुलींचं विचारायचं आहे.

गावात अंगणवाडी आहे, पण तिथं बसायला येतात ती तीन वर्षांच्या पुढची लेकरं. त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा नाही. मी मोजलं, तीन वर्षांखालची नऊ लेकरं आहेत ज्यांची आई वेचायला जाते. त्यांतल्या सहा जणांना शाळेतली बहीण सांभाळते.

माझे प्रश्न असे. वेचणीच्या अडीच-तीन महिन्यांपुरतं गावात पाळणाघर कोणी चालवलंय का? कोण सांभाळतं, पैसे कोण देतं? आणि मुलगी परत आली की मागे पडलेला अभ्यास कसा भरून काढता? कारण ती येते, फळ्यावरचं काही समजत नाही, मागे बसते, आणि दुसऱ्या दिवशी भावाचं निमित्त नसलं तरी येत नाही.

– पराटीवाला

सेविका_वाशीम:
दादा, मी अठरा वर्षं अंगणवाडीत आहे. दीड वर्षाची लेकरं आमच्याकडे आणून बसवू नका, सेविका आणि मदतनीस दोघींना ते झेपत नाही, कोणाला काही झालं तर सगळ्यांनाच जड जाईल. 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर मिळतं, ग्रामसभेचा ठराव करून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. पण ते या हंगामात होणार नाही.

या हंगामापुरतं आमच्या शेजारच्या गावानं केलं ते सांगते. ज्यांना वाकून वेचता येत नाही अशा दोन आज्या ठरवल्या. दोघीच हव्यात, एकटी कधीच नको, एक बाहेर गेली तर दुसरी असते. जागा वावराच्या वाटेवर बघा, कारण अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या आया दुपारी येतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर कोणी येणार नाही. पाण्याचा माठ उंचावर, चूल आत नको, आणि दाराला आडवी फळी. पहिले चार-पाच दिवस लेकरं फार रडतात. आया घाबरून परत नेतात. तेवढे दिवस कसे काढायचे ते आधी ठरवा.

खडूफळा:
भाऊ, मी चंद्रपूर जिल्ह्यात शिक्षक आहे, आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायच्या दिवसांत हेच होतं. मुलगी परत आली की "इतके दिवस कुठं होती?" हे विचारायचं नाही, एवढं सरांना सांगा. वर्गात शिरताना त्या प्रश्नाची भीती मुलांना गणितापेक्षा जास्त असते. मी चुकलेल्या धड्यांचं एक पान करून ठेवतो आणि तिच्या शेजारच्या मुलीकडे देतो. रोज परिपाठाआधी वीस मिनिटं दोघी ते करतात. अपूर्णांक राहिले तर दशांश बसणारच नाहीत, तेव्हा तिथूनच सुरू करा.

दुसरं, दव वाळल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही. सकाळी आठ ते दहा त्या मुली घरीच असतात. ते दोन तास वापरता येतील का बघा.

पराटीवाला:
खडूफळा सर, सकाळचे दोन तास मलाही सुचले होते. पण मग शाळा दोन तासांवर आली आणि बाकीचा दिवस वावराचा, हे आपणच मान्य केल्यासारखं होईल. पोषण आहारही बुडेल. मागचं भरून काढायला सकाळ घेऊ, शाळेच्या बदल्यात नको.

धुरा_आणि_बांध:
पैशाचं कोणी बोलत नाहीये म्हणून बोलतो. कापसाला भाव नाही, वेचाई वाढली, त्यात पाळणाघराचा खर्च शेतकऱ्यानंच द्यायचा का?

सेविका_वाशीम:
२००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती, कामावर पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. सरकारी नाल्याच्या कामावर जे चालतं ते आपल्या पराटीत का चालू नये? बाई निवांत वेचते तेव्हा किती जास्त वेचते ते एकदा काट्यावर बघा.

पराटीवाला (चार दिवसांनी):
ताई, तुमचं वाचून बैठक शाळेत न घेता काल संध्याकाळी काट्यावर घेतली. गाठोडी मोजायला बाया येतातच, तिथंच विषय काढला. पहिल्यांदाच समितीच्या बैठकीला अकरा आया होत्या. फळ्यावर नावं लिहिल्याबद्दल मी सगळ्यांसमोर माफी मागितली. ती बाई तरी बोलली नाही, पण शेवटपर्यंत थांबली.

ठरलं ते असं. दोन आज्या तयार आहेत, दिवसाचे दोनशे प्रत्येकी. म्हणजे रोजचे चारशे. आम्ही दहा शेतकरी चाळीस-चाळीस रुपये देऊ, ज्याची वेचणी संपली तो बाहेर, जसजसे कमी होतील तसा वाटा वाढेल. धुरा भाऊ, मला हे चार किलो वेचाईएवढं पडतं. आयांकडून पैसे घ्यायचे नाहीत, यावर थोडा वाद झाला, पण तेच राहिलं. जागा समाजमंदिराची, ते वावराच्या वाटेवरच आहे. दाराला फळी आज ठोकली. सर सकाळी साडेनऊला अर्धा तास लवकर यायला तयार झालेत.

सोमवारपासून सुरू करतोय. आता एकच अडलंय. नऊपैकी चार लेकरं अजून दोन वर्षांचीही नाहीत. आया दुपारी एकदाच येऊ शकतात. मधल्या वेळेत त्यांना काय खाऊ घालावं, किती पातळ, आणि घरून आणलेलं सकाळचं वरण दुपारपर्यंत टिकतं का? रविवार संध्याकाळच्या आत कोणी अनुभवी सांगितलं तर बरं होईल.