ओपनटीटीडी: गाड्या एकमेकींसमोर अडकून बसतात, सुरुवात नक्की कशी करायची?

धूर_शिट्टी
लहानपणी ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स (वाहतूक कंपनी चालवायचा कॉम्प्युटर गेम) खूप खेळलोय, परवा कळलं की त्याचंच ओपन सोर्स रूप, ओपनटीटीडी, अजून जिवंत आहे, मग काय, उतरवलं आणि दोन रात्री गेल्या. पण तीन गाड्यांपर्यंत सगळं छान चालतं, चौथी सोडली की जंक्शनवर दोघी समोरासमोर तोंड करून उभ्या, आणि मागे रांग. सिग्नल तर मी जागा दिसेल तिथे लावलेत! सोपा सल्ला द्या. आणि ग्राफिक्ससाठी जुनी सीडी लागेल का?

रुळांवरचा
सीडी विसर. मूळ गेम 1994 चा, डिलक्स 1995 चा, आणि हे ओपन सोर्सवालं 2004 पासून चालू आहे. आधी मूळ फायली लागायच्या, पण 2010 पासून त्यांची गरज नाही, ओपनजीएफएक्स नावाचा ग्राफिक्सचा फुकट सेट आहे, पहिल्यांदा चालू करताना गेम स्वतःच तो उतरवायचा का विचारतो. जुनी सीडी असेल तर तेही चित्र लावता येतं, मला तेच आवडतं, पण ती आठवणींची गोष्ट झाली.

आता सिग्नल. "जागा दिसेल तिथे" हाच घोळ आहे. सिग्नल म्हणजे गाडीने थांबायची जागा, एवढंच डोक्यात ठेव. जिथे गाडी थांबली तर दुसरीची वाट अडेल तिथे सिग्नल नको. म्हणजे जंक्शनच्या आधी लाव, पुढे लावायचा असेल तर जंक्शन आणि सिग्नलच्या मध्ये पूर्ण गाडी मावेल एवढी जागा सोड, नाहीतर शेपूट जंक्शनवरच राहतं आणि सगळ्यांचा खोळंबा. पाथ सिग्नलच वापर (यात गाडी पुढची वाट आधी राखून मगच निघते), त्यातही एकदिशा असलेले. आणि दोन रूळ टाक ना बाबा, एक जायला एक यायला, एकाच रुळावर दोन्हीकडून गाड्या सोडायचा हट्ट सगळ्यांनी केलाय आणि सगळेच पस्तावलेत.

टाइलमोज्या
+१. सिग्नल ओढत नेताना कंट्रोल दाबून धर, पुढच्या जंक्शनपर्यंत आपोआप लागत जातात. एकेक क्लिक करत बसू नकोस.

कोळसाकिंग
पैशाचं कोणी बोललंच नाही. सुरुवातीला कर्ज असतंच, त्याला घाबरू नको, मर्यादेपर्यंत उचल आणि एकच लांब कोळशाची लाईन टाक, खाण ते वीज केंद्र, छोट्या अंतराच्या चार लाईनींपेक्षा ती एक जास्त देते, कारण भाडं अंतरावर ठरतं. कोळशाला थोडा उशीर झाला तरी फार कापत नाहीत, प्रवासी आणि टपालाचं मात्र पटापट उतरतं. खाणीवर फुल लोडची (पूर्ण भरेपर्यंत थांबायची) ऑर्डर दे म्हणजे एक गाडी कायम भरत उभी राहते, स्टेशनचं रेटिंगही टिकतं (खाणीतला किती माल तुझ्या स्टेशनवर येतो ते त्यावर ठरतं). पण दुसऱ्या टोकाला फुल लोड टाकू नकोस, मी टाकलं होतं एकदा, अर्धा तास कळेना की वीज केंद्रावरून गाडी निघत का नाही 😂

रुळांवरचा
आणि ब्रेकडाऊन, म्हणजे गाड्या मध्येच बंद पडणं, ते बंद कर सेटिंग्जमधून. नवीन माणसाला काहीच कामाचं नाही ते.

टाइलमोज्या
हे काय बरोबर नाही वाटत मला, बंद केलं की डेपोत देखभालीला जाण्याचा अर्थच जातो. "कमी" वर ठेव.

रुळांवरचा
डेपोचा अर्थ गाडी विकत घ्यायला. एक जुनं इंजिन मध्येच बंद पडतं आणि मागच्या सहा गाड्या त्याच्यासाठी उभ्या, याला मजा म्हणायचं असेल तर म्हण. चल, हा वाद आपला दरवेळचाच.

धूर_शिट्टी
जंक्शन पूर्ण तोडून परत बांधलं, जंक्शननंतरचा सिग्नल गाडीभर पुढे नेला, कोळशाच्या सात गाड्या न थांबता चालल्यात, विश्वास बसत नाहीये! कार्गोडिस्ट चालू करू का आता?

कोळसाकिंग
नको. त्यात प्रत्येक प्रवाशाला ठरलेल्या ठिकाणीच जायचं असतं, आधी नेटवर्क उभं राहू दे. तेच जेजीआर पॅच पॅकचं (याच गेमची जास्तीच्या सोयी घातलेली आवृत्ती), छान आहे पण सेटिंग्ज बघूनच घाम फुटेल.

धूर_शिट्टी
बरं. एक शेवटचं, शेजारच्या शहरात स्टेशन बांधायला गेलो तर नगरपालिका परवानगीच देत नाही म्हणते??

टाइलमोज्या
रूळ टाकताना झाडं किती तोडलीस?

धूर_शिट्टी
...बरीच

टाइलमोज्या
मग लाव परत. शहराच्या हद्दीत रिकाम्या टाइल्सवर (नकाशावरच्या चौकोनांवर) झाडं लाव, त्यांचा राग उतरतो.