मोरीचा पाईप हातभर वर बसला, तर चढणीचा मासा जाणार कुठे?

पऱ्याकाठचा
मुंबई-गोवा महामार्ग इतकी वर्षे रखडला तो ‘मासे आणि बेडूक मोजणाऱ्यांमुळे’, आणि पऱ्या-वहाळांची, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांची, काळजी वाहणाऱ्यांनी आधी अपघातात गेलेल्यांच्या घरी जाऊन उत्तर द्यावे, असे काल या चर्चेत लिहिले गेले. ते वाक्य मला सहन झाले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रस्ता नको असे आमच्यापैकी कोणीही म्हणत नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालायला पऱ्यांतून वर, थेट भाताच्या खाचरांपर्यंत चढतात, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक आहे. आमच्या वाडीचा जोडरस्ता झाला तेव्हा रस्त्याखालून पाणी जाण्यासाठीच्या मोरीचे सिमेंटचे पाईप पऱ्याच्या तळापासून हातभर वर बसवले. त्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी बॅटरी घेऊन तिथे उभा होतो. मळवे पाईपच्या तोंडाकडे उड्या घेत होते, कडेवर आपटून पुन्हा खालच्या डबक्यात पडत होते, आणि सकाळी लोकांनी तेच डबके उपसून टोपल्या भरल्या. तिसऱ्या वर्षी वरच्या खाचरात एकही मासा दिसला नाही. ते पाईप हातभर खाली गाडल्याने कोणता रस्ता रखडला असता?

घाटरस्ता
मी पंधरा वर्षे रस्त्यांच्या कामावर आहे, म्हणून सांगतो. पाईप तळाला टेकवला की दोन पावसाळ्यांत गाळाने बुजतो, पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि भराव खचतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, कारण तेव्हा सर्वांना घाई कळत होती. ती घाई इतर कामांना का नसावी?

पऱ्याकाठचा
सावित्रीचा पूल मासे मोजणाऱ्यांनी पाडला नाही, तेव्हा ती दुःखद घटना या वादात ओढू नका. पाईप बुजतो हे मान्य, पण तो गाळ येतो कुठून? डोंगरकापणीची माती दरीकडे लोटून दिली जाते, चिरेखाणीतला भुगा उघड्यावर पडून राहतो, आणि पहिल्याच सरीला हे सगळे पऱ्यात उतरते. पाईपऐवजी रुंद पेटीमोरी, म्हणजे चौकोनी पेटीसारखी मोरी, घालून तिचा तळ थोडा पुरला, तर पाणीही जाते आणि मासाही चढतो.

बाजारपेठ
गाळाचा विषय निघालाच आहे तर चिपळूणकरांचेही ऐका. 22 जुलै 2021 रोजी आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होते. वडिलांना पत्र्यावर बसवून आम्ही रात्र काढली आणि पहाटे त्यांचे अंग थंडगार पडले होते; ते वाचले, पण पुन्हा गल्ल्यावर बसले नाहीत. वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून शहराला उपोषण करावे लागले. कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेले पाणी, याच नदीत येते, त्याचा हिशेब आम्ही कोणाकडे मागायचा? अशा वेळी कोणी नदीच्या अधिवासाची भाषा केली की माझा संताप होतो.

खाडीपलीकडचा
तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटले, पण गाळ आणि रेती यांत फरक करा. माझे आजोबा हातपाटीची रेती काढत. माणूस बुडी मारून पाटी भरणार, तेवढीच रेती वर येणार. माझ्या डोळ्यांदेखत रात्रीचे सक्शन पंप आले, काठ ढासळला, आमचे अकरा माड खाडीत गेले आणि तिसऱ्यांचा, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचा, पट्टा संपला. पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातही पर्यावरण मंजुरीशिवाय उत्खनन नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच बजावले आहे. ती रेती शेवटी रस्त्यांना आणि इमारतींनाच लागते.

बाजारपेठ
तिसऱ्यांची तुलना माझ्या वडिलांशी करू नका!

खाडीपलीकडचा
मी ती केलेली नाही. तिसऱ्या विकून माझ्या आईने आम्हा तिघांना शिकवले, म्हणून मला त्या क्षुल्लक वाटत नाहीत.

बाजारपेठ
शब्द मागे घेतो. शहरालगतचा गाळ काढलाच पाहिजे, यावर मात्र मी ठाम आहे.

पऱ्याकाठचा
शहरालगतचा काढा, मी अडवणार नाही. पण वरून माती येतच राहिली तर दर उन्हाळ्यात तेच काम करावे लागेल.

घाटरस्ता
मातीच्या ढिगांबाबत मला माघार घ्यावी लागते. आमच्या एका कामावर मे संपला तरी ढीग उताराच्या तोंडाशी होता आणि त्याच्या पायथ्याला दगडी भिंत घातलेली नव्हती. मी वरिष्ठांना तोंडी सांगितले, लेखी दिले नाही, आणि जूनमध्ये तो अर्धा ढीग खालच्या वहाळात गेला. पेटीमोरीचा खर्च मात्र प्रत्येक पऱ्यावर परवडत नाही, या मतावर मी कायम आहे.

पऱ्याकाठचा
प्रत्येक पऱ्यावर मी मागतही नाही. ज्यांतून मासा चढतो ते पऱ्ये गावातली माणसे एका दिवसात दाखवतील. तुमच्या पुढच्या कामाच्या नकाशावर मोरीचा तळ कोणत्या पातळीला धरला आहे, तेवढे कळवा. पाईप बसण्याआधी मी टेप घेऊन येतो.