मुलगा गोलसमोर पोहोचला की पास देतो, काय करू?

मांजलपूरची आई:
नमस्कार. आम्ही बडोद्याचे. मुलगा १६ वर्षांचा, फुटबॉलमध्ये सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून गोल करणारा. मागच्या मोसमात संघात सगळ्यात जास्त गोल त्याचेच होते. यंदा समोर एकटा गोलकीपर असला तरी चेंडू बाहेर जातो, नाहीतर थेट त्याच्या अंगावर. परवा तर मारायला पूर्ण जागा होती आणि यानं बाजूला पास दिला. कडेला उभे असलेले पालक ओरडतात, "अरे, मार ना!" घरी आला की जेवताना एक शब्द नाही. आजोबांचं एकच, बडोद्यात राहून फुटबॉल कशाला, क्रिकेट खेळ. दिवाळीपासून उंचीही भराभर वाढलीय. फिनिशिंग (गोलवर मारायचा शेवटचा फटका) बिघडलंय की धीर खचलाय?

जुना नऊ नंबर:
ताई, चेंडू बाहेर गेला त्याचं मला काही वाटत नाही. पास दिला, ते खटकतं. चुकण्याच्या भीतीनं शॉटच घ्यायचा नाही, ही सवय लवकर मोडायला हवी. मोठमोठ्या लीगमध्येही साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. हे त्याला सांगा, आणि ओरडणाऱ्या पालकांनाही.

मोठमोठे फॉरवर्डही असे अडकतात. स्पेनच्या फर्नांडो टोरेसनं इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबसाठी लीगमध्ये १०२ सामन्यांत ६५ गोल केले होते. जानेवारी २०११ मध्ये ५ कोटी पौंडांना चेल्सीत गेला, आणि तिथला पहिला गोल व्हायला एप्रिल उजाडला. इंग्लंडचा हॅरी केन २०१२-१३ मध्ये नॉर्विच क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना होता, लीगमध्ये एकही गोल नाही. २०१५-१६ मध्ये २५ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्यानंच नेला.

आता सराव. आपल्याकडे मुलं डीच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) टोकावर रांग लावतात आणि ठेवलेला चेंडू एकेक जण जोरात हाणतो. मॅचमध्ये असा चेंडू मिळतो कुठे? तो उसळत येतो, खांद्याला डिफेंडर चिकटलेला असतो. एका मित्राला बाजूनं पास द्यायला सांगा, दुसऱ्याला मागून पळत यायला. पहिल्या टचनं चेंडू पायाखाली अडकू न देता थोडा पुढे काढायचा आणि लगेच मारायचा. आधाराचा पाय चेंडूच्या शेजारी, छाती चेंडूवर. अंग मागे झुकलं की चेंडू बारवरून गेलाच म्हणून समजा. जोर निम्मा चालेल, पण चेंडू खाली, कोपऱ्यात. दमायच्या आधी थांबवा, दमलेल्या पायांनी चुकीचीच सवय लागते.

आणि मॅचनंतर "गोल झाला का?" विचारू नका. "किती वेळा मारलास?" एवढंच विचारा. मी माझ्या पोरांच्या वहीत गोल लिहीतच नाही, फक्त शॉट लिहितो.

गोलकीपर, दांडिया बाजार:
गोल ७.३२ मीटर रुंद असतो, आम्ही सगळा झाकू शकत नाही. उंच कीपरला पायाजवळून जाणारा खालचा चेंडू सर्वांत अवघड, कारण खाली जायला वेळ लागतो. घाबरलेला फॉरवर्ड कीपरकडे बघत मारतो, म्हणून चेंडू आमच्याच अंगावर येतो. त्याला मोकळी जागा बघायला शिकवा.

फिजिओ:
उंचीचा उल्लेख सगळ्यांनी सोडून दिलाय. भराभर वाढण्याच्या काळात हातापायांचा ताळमेळ काही महिने बिघडू शकतो. पाऊल पूर्वीच्या सवयीनं टाकलं जातं, पण पाय आता लांब झालेला असतो. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दाबल्यावर दुखतं का, विचारून पाहा. दुखत असेल तर शॉटचा सराव कमी करून आधी डॉक्टरांना दाखवा.

मांजलपूरची आई:
विचारलं. उजव्या गुडघ्याखाली दुखतंय म्हणाला, आत्तापर्यंत बोलला नव्हता. उद्या दाखवते. दादा, तोवर सराव बंद ठेवू का?

जुना नऊ नंबर:
हो ताई, शॉट बंद. डॉक्टर बघेपर्यंत पळणंही नको. कडेला बसून बाकीच्यांची वही त्याला लिहू द्या, कोणी कुठून मारला ते.