श्वानप्रशिक्षण वर्गाचा पुरेपूर उपयोग कसा केला? आपले अनुभव लिहावेत

कुत्र्याला वर्गात घातल्यावर काय उपयोगी पडले आणि काय वाया गेले, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करते.

आमचा मोती वर्गाच्या मैदानावर 'बस' म्हणताच बसत असे, पण घरी दाराची घंटा वाजली की त्याला काही ऐकू येत नसे. प्रशिक्षकांनी आम्हाला घरच्यासारखे बोलून दाखवायला सांगितले, तेव्हा कळले की यजमान 'सिट' म्हणतात, सासूबाई 'बस रे बाळा' म्हणतात आणि तो अंगावर उड्या मारू लागला की मी 'बस, बस झालं!' म्हणून त्याला ढकलते. एकाच शब्दाचे दोन अर्थ त्या जिवाने कसे ओळखावेत? आम्ही 'बैस' हा शब्द ठरवला, तो फ्रिजवर लिहून चिकटवला आणि दारापाशीच दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे सराव केला. पुढच्या रविवारपासून सासूबाईही वर्गाला येऊ लागल्या. त्या शब्द एकदाच उच्चारतात आणि शांतपणे वाट पाहतात, त्यामुळे आज मोती सर्वांत जास्त त्यांचेच ऐकतो.
— कोथरूड, पुणे

सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत आम्ही पहिल्या पिल्लाला घराबाहेर काढलेच नाही. वर्गाला गेलो तेव्हा ते साडेचार महिन्यांचे झाले होते, आणि नव्या गोष्टींची भीती न बाळगता ओळख करून घेण्याचा साधारण 3 ते 14 आठवड्यांचा काळ हातचा गेला होता. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की ते आजही थरथरते. दुसऱ्या पिल्लाच्या वेळी पशुवैद्यांना विचारून, पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, फक्त लसीकरण झालेली पिल्ले घेणाऱ्या आणि फरशी निर्जंतुक ठेवणाऱ्या वर्गात नाव घातले. स्टेशनबाहेर मात्र त्याला कडेवर घेऊनच लोकलचा आवाज ऐकवला.
— डोंबिवली

गळा आवळणारी साखळी वापरणाऱ्या एका प्रशिक्षकाकडे मी महिनाभर गेलो, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमचा कारवान जातीचा कुत्रा कान मागे टाकून, शेपूट पोटाखाली घेऊन चालू लागला, आणि त्यालाच मी शिस्त समजत होतो. पैसे भरण्यापूर्वी कुत्र्याला न नेता एक तास नुसता पाहावा आणि इतरांच्या कुत्र्यांच्या शेपट्या कशा आहेत ते बघावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.
— सातारा

जर्मनीतील आमच्या नीडरझाक्सन राज्यात 1 जुलै 2013 पासून नव्या श्वानपालकाला कुत्रा आणण्यापूर्वी लेखी आणि पहिल्या वर्षात प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. परीक्षा माणसाची असते, त्यामुळे वर्गात मी स्वतःसाठी वही ठेवली. पट्टा केव्हा ताणला आणि खाऊ देण्यास किती उशीर झाला, हे टिपत गेल्यावर लक्षात आले की बक्षीस नेमके आमच्या कुत्रीच्या उठून उभे राहण्यालाच मिळत होते, कारण ती बसल्यानंतर मी खिसा चाचपत असे. आता खाऊची पिशवी कमरेला असते.
— हनोवर, जर्मनी

वर्गाच्या दिवशी सकाळचे जेवण निम्मेच द्यावे आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे करावेत. आमची राणी नऊ वर्षांची असताना शिकू लागली. ती पाऊण तासात थकते, म्हणून आम्ही प्रशिक्षकांना सांगून मध्येच सावलीत बसतो.
— कुडाळ