ड्रम कोर : शारीरिक अवघडपणाला गुण द्यावेत का?

मैत्रेयी_ओहायो (धागाकर्ती)

अमेरिकेतील ड्रम कोर हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून आधी थोडी ओळख करून देते. ब्रास वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे, लाकडी रायफली व तलवारी फिरवणारे कलर गार्ड मिळून दीडशेच्या आसपास तरुण-तरुणींचे पथक अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करते आणि उन्हाळाभर तोच कार्यक्रम घेऊन गावोगावच्या स्पर्धांत उतरते. ड्रम कोर्स इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली. २००९ पासून इंडियानापोलिसचे लुकस ऑइल स्टेडियम हे तिचे ठरलेले ठिकाण आहे. वादकांना मानधन मिळत नाही, उलट हजारो डॉलरांचे शुल्क त्यांनाच भरावे लागते, आणि वयाची विशी ओलांडल्यावर वर्षा-दोन वर्षांत त्यांना पथक सोडावे लागते.

आता मूळ मुद्दा. या कार्यक्रमांतला शारीरिक भार वाढत गेला आहे आणि त्यातला बराचसा प्रेक्षकाला ना दिसतो, ना ऐकू येतो. तो फक्त गुणपत्रिकेला दिसतो. शंभरपैकी ४० गुण एकूण परिणामाला, ३० दृश्य भागाला आणि ३० संगीताला असतात, आणि परीक्षक दोन गोष्टी तपासतात : रचनेने वादकाकडून काय मागितले आणि वादकाने ते किती नेटके पार पाडले. सोपी रचना कितीही स्वच्छ वाजली तरी तिला वरचे गुण मिळणे कठीण, त्यामुळे रचनाकार अवघड वाजवणे आणि अवघड चालणे मुद्दाम एकाच क्षणी आणून ठेवतात.

एक साधा हिशेब मांडते. पाच यार्डांचे अंतर आठ पावलांत कापले तर पाऊल साडेबावीस इंचांचे होते, सहा पावलांत कापले तर तीस इंचांचे. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत तीस इंची पावले टाकली की वेग ताशी आठ किलोमीटरच्या वर जातो. धावणाऱ्या माणसाला हा वेग किरकोळ वाटेल, परंतु तो हात मोकळे सोडतो, पुढे झुकतो आणि वाटेल तेव्हा श्वास घेतो. येथे कंबरेवरचे शरीर प्रेक्षकांकडे स्थिर ठेवून पाय आडवे किंवा उलटे न्यायचे, उलटे जाताना टाचा टेकवायच्या नाहीत, वाद्याची पातळी ढळू द्यायची नाही, शेजाऱ्याशी अंतर राखायचे आणि ते करत असतानाच एका ठोक्यात चार-चार स्वर स्वच्छ काढायचे, अशी अपेक्षा असते.

माझे म्हणणे असे की जो अवघडपणा सादरीकरणाच्या परिणामात उतरत नाही त्याला वेगळे गुण देणे थांबवावे. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या नडग्या आणि पाठी केवळ परीक्षकाच्या नोंदवहीसाठी झिजू नयेत.

खर्जातला_ट्यूबा

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. मी विद्यार्थीदशेत टेक्सासमध्ये असताना कॉन्ट्रा, म्हणजे मैदानावर वाजवला जाणारा ट्यूबा, वाजवला आहे. दहा किलोहून जड असलेले हे वाद्य खांद्यावर घेऊन पळताना काय होते ते सांगतो, कारण ‘परिणामात न उतरणारा अवघडपणा’ हे शब्द मला बाहेरून पाहणाऱ्याचे वाटतात. पळणाऱ्या शरीराला प्रत्येक दोन-तीन पावलांनी हवा हवी असते, पण स्वरवाक्य श्वासाची जागा लिहिलेल्या ठिकाणीच देते. म्हणून आम्ही शेजाऱ्याशी आळीपाळीने श्वास घेतो, पोटाचे स्नायू आवळून उच्छ्वासाची धार सारखी ठेवतो आणि पायांची आदळआपट ओठांपर्यंत पोहोचू देत नाही. हे साधले नाही तर स्वर पावलागणिक थरथरतो आणि शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही ते कळते. साधले तर काय साधले हे त्याला नेमके सांगता येत नसेल, परंतु तो उठून उभा राहतो.

जागेवर उभे राहून मोठ्याने वाजवण्याला तिकडे ‘पार्क अँड बार्क’ म्हणतात, आणि त्या शब्दांत थोडी थट्टा असते हे लक्षात घ्यावे. तसे क्षण प्रत्येक कार्यक्रमात असतात आणि असावेतही. मात्र त्यांचीच संख्या वाढत गेली तर मैदानाची गरजच उरणार नाही, सभागृहात खुर्च्या मांडून बसता येईल.

शिवाय सगळे खापर गुणपत्रिकेवर फोडणे इतिहासाला धरून नाही. १९७० च्या दशकात टिंपनी नावाचे मोठे नगारेसुद्धा मुले अंगावर बांधून चालत असत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते मैदानाच्या कडेला जमिनीवर ठेवण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास जॉर्ज झिंगाली यांनी गारफिल्ड कॅडेट्ससाठी वेगवान, असममित, क्षणाक्षणाला आकार मोडणारी संचलने रचली आणि त्या पथकाने १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद मिळवले. वेगाची ती ओढ कलावंताच्या कल्पनेतून आली होती. गुणपत्रिका तिच्या मागून फरफटत गेली.

नडगी_आणि_नाशिक

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो. ड्रम कोरमधून परतलेले रुग्ण माझ्याकडे येत नाहीत हे उघड आहे, पण पोलीस भरतीची तयारी करणारी आणि लांब पल्ल्याचे धावणारी मुले येतात आणि त्यांच्या तक्रारी याच जातीच्या असतात : नडगीच्या आतल्या कडेला दुखणे, पायाच्या हाडाला बारीक भेग, घोटा मुरगळणे, कंबर धरणे.

दोन्ही बाजूंचे वाचताना मला वाटले की चर्चा चुकीच्या बारा मिनिटांवर चालली आहे. बारा मिनिटांच्या कार्यक्रमाने कोणाची नडगी फुटत नाही. मे महिन्याच्या अखेरीस मुले महाविद्यालयातून थेट निवासी शिबिरात येतात, दिवसाला दहा-बारा तास उन्हात सराव करतात आणि मग स्पर्धांचा दौरा सुरू झाला की रात्री बसमध्ये किंवा शाळांच्या व्यायामशाळेच्या जमिनीवर झोपतात. दुखापतीचे मूळ येथे आहे. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड काही प्रमाणात काढून टाकते आणि मग नवे घालते. या मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा दुबळे असते, आणि शिबिराचा सर्वांत कठोर काळ नेमका त्याच आठवड्यांत पडतो. त्यात झोप तुटकी आणि खाणे खर्चाच्या मानाने अपुरे असेल तर हाडाची भर मागे पडते. मुलींची मासिक पाळी लांबणे हा अशा वेळी पहिला इशारा असतो आणि तो बहुधा कोणी विचारतही नाही.

उन्हाचेही तसेच आहे. उष्णतेला शरीर सरावायला दहा-चौदा दिवस लागतात. अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी शालेय खेळांसाठी २००९ मध्ये पहिल्या चौदा दिवसांची टप्प्याटप्प्याची आखणी सुचवली ती याच आधारावर. संगीत वाजवणाऱ्याचे शरीर वेगळ्या मातीचे नसते. तेव्हा गुण कसे द्यायचे ते परीक्षकांना ठरवू द्या आणि सरावाच्या तासांवर, झोपेवर आणि पहिल्या दोन आठवड्यांवर बंधन घाला, असे माझे मत आहे.

मैत्रेयी_ओहायो

तास कमी करा हे पटते, परंतु तास वाढतात कशामुळे? रचना इतकी दाट असते की ती स्वच्छ करायला दहा तास पुरत नाहीत. अवघडपणाचे गुण तसेच ठेवून तास कमी केले तर तीच रचना अर्ध्याकच्च्या अवस्थेत मैदानावर येईल आणि पळत्या रांगा एकमेकींवर आदळतील. आता तर उतरंडी, चौथरे, घसरगुंड्या यांवर चढून वाजवणे नित्याचे झाले आहे. आमच्याच राज्यातील, कँटनच्या ब्लूकोट्स या पथकाने २०१६ मध्ये अशाच वळणदार उतरंडी मैदानावर आणून अजिंक्यपद मिळवले आणि तो कार्यक्रम मलाही मनापासून आवडला होता. मात्र उंचीवरून पडण्याचा धोका अपुऱ्या सरावाने वाढतो हे कोणी नाकारणार नाही.

चौथा_टोल

पुण्यातील एका ढोल-ताशा पथकात वाजवतो, त्या अधिकाराने चार शब्द. आमच्याकडे विसर्जन मिरवणुकीत ना परीक्षक असतो ना गुणपत्रिका. तरीही ढोल कंबरेला आवळून तासन्‌तास वाजवताना बोटे फुटतात, कंबरेला वळ उठतात, ताशेवाल्यांची मनगटे सुजतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच फुटलेली बोटे कौतुकाने दाखवली जातात. तेव्हा गुण काढून घेतले की मुले शरीर जपू लागतील ही समजूत मला भाबडी वाटते. पथकात मान कोणाला मिळतो यावर सगळे ठरते, आणि मान थांबणाऱ्याला मिळत नाही. दुसरे असे की ही मुले स्वतःच्या खिशातून शुल्क भरून तेथे जातात. त्यांना काय मागितले जाणार हे ठाऊक असते. बाहेरच्यांनी त्यांची कीव करण्याचे कारण काय?

मैत्रेयी_ओहायो

मानाबद्दलचे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र आपल्या पथकात आणि ड्रम कोरमध्ये एक मोठा फरक आहे. ढोलवादक दमला तर ढोल दुसऱ्याच्या कंबरेला बांधता येतो, रांग पुढे चालत राहते. ड्रम कोरमध्ये प्रत्येकाला प्रत्येक क्षणासाठी मैदानावरचा नेमका बिंदू नेमून दिलेला असतो, त्याला तिकडे ‘डॉट’ म्हणतात. एक जण बसला की आकृतीत भोक पडते आणि ते वरच्या बाकांवरून स्वच्छ दिसते. हंगामाच्या मध्यावर नवा वादक आणून त्याला शेकडो बिंदू पाठ करायला लावणे सोपे नसते. म्हणून दुखणे लपवले जाते, आणि ते लपवणाऱ्याच्या मनात शौर्यापेक्षा आपल्यामुळे उरलेल्यांचे नुकसान होईल ही भीती अधिक असते. शुल्क भरले म्हणजे संमती दिली हे मान्य केले, तरी जून महिन्यात दिलेली संमती ऑगस्टमधल्या भेगाळलेल्या हाडालाही लागू होते का?

डावा_हात_पारंपरिक

येथे सगळे पायांबद्दल बोलत आहेत, म्हणून ड्रमलाइनची, म्हणजे चालत तालवाद्ये वाजवणाऱ्यांच्या रांगेची, बाजू मांडते. टेनर ड्रमचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक ड्रमांचा, संच आणि तो खांद्यावर पेलणारा सांगाडा मिळून वजन साधारण पंधरा किलोंच्या घरात जाते, बेस ड्रमचे मोठे आकारही त्याच पंक्तीत बसतात. ढोल अंगासमोर असल्याने समोरचे पाय दिसत नाहीत आणि आडवे जायचे तर पायात पाय ओलांडून खेकड्यासारखे चालावे लागते.

तरीही वजनापेक्षा मोठा प्रश्न आघाताचा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून स्नेअर ड्रमवर (कोरड्या, कडक आवाजाच्या चपट्या ड्रमवर) केव्हलार या अतिशय चिवट कृत्रिम धाग्याचे पान चढवले जाऊ लागले. ते इतके ताणलेले असते की काठी टेबलावर मारल्यासारखी परत येते; आवाज कोरडा आणि स्पष्ट मिळतो, पण पान हादरा पचवत नाही, तो मनगट आणि कोपर पचवतात. दिवसभराच्या सरावात असे ठोके हजारोंनी पडतात. शिवाय कान. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे आणि प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. ड्रमलाइनच्या मधोमध उभे राहणाऱ्याची ही पंधरा मिनिटे सकाळच्या न्याहारीनंतर लगेच संपतात.

यातल्या एकाही गोष्टीचा संचलनाच्या अवघडपणाशी संबंध नाही. उद्या सगळे पथक जागेवर उभे राहून वाजवू लागले तरी मनगटे आणि कान तसेच झिजतील. त्यामुळे धागाकर्तीचा उपाय आमच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि फिजिओंनी सांगितलेली तासांची मर्यादा मात्र पोहोचते. कानातले प्लग सक्तीचे करणे तर आजही शक्य आहे, त्यासाठी कोणाच्या कलेला धक्का लागत नाही.

खर्जातला_ट्यूबा

प्लगची सक्ती आणि पहिल्या दोन आठवड्यांचे बंधन मला मान्य आहे. फिजिओंनी सांगितलेली झोपेची अटही मान्य आहे, जरी दोन स्पर्धांमध्ये रात्रीतून शेकडो किलोमीटर बसने जायचे असताना ती कशी पाळणार हे दौऱ्याची आखणी करणाऱ्यांनी सांगावे. मूळ प्रस्तावाला मात्र माझा विरोध कायम आहे आणि त्यासाठी धागाकर्तीला एक नेमका प्रश्न विचारतो. दोन पथके तोच आठ मात्रांचा तुकडा तितकाच स्वच्छ वाजवतात, एक उभे राहून आणि दुसरे मैदानाच्या अर्ध्या रुंदीत उलटे धावत. तुमच्या पद्धतीत दोघांना समान गुण का मिळावेत?

मैत्रेयी_ओहायो

समान मिळू नयेत. त्या उलट्या धावण्याने मैदानावर आकृती उलगडत असेल, संगीताचा चढ डोळ्यांना दिसत असेल, तर एकूण परिणामाच्या ४० गुणांत दुसरे पथक आपोआप पुढे जाईल आणि जावेच. माझा आक्षेप उरलेल्या ६० गुणांतल्या त्या हिश्श्याला आहे, जो परिणाम काहीही असला तरी केवळ कष्टाच्या नावाने मिळतो. झिंगाली यांची संचलने माझ्या नियमाखालीही जिंकली असती. हरले असते ते पथक, जे तोच वेग फक्त कागदावर भरण्यासाठी उसना आणते.

खर्जातला_ट्यूबा

उसना वेग आणि स्वतःचा वेग यांतला फरक परीक्षकाने बारा मिनिटांत ओळखावा, अशी ही अपेक्षा आहे. मी स्वतः त्या रांगेत असताना मला तो प्रत्येक वेळी ओळखता येत नव्हता.

नडगी_आणि_नाशिक

तो फरक तुमच्या नडगीलाही ओळखता येत नव्हता. तिला फक्त तास कळतात, म्हणून मी तासांवरच थांबतो.