विषय: सांगलीच्या बाबांसाठी डेस्कटॉप, इथून नेऊ की तिथं घेऊ?

प्रेषक: गावभागकर, न्यू जर्सी

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या हॉलच्या भाड्यावरून चाललेली चर्चा दोन मिनिटं बाजूला ठेवून एक घरचा प्रश्न विचारतो. सांगलीला बाबांकडं 2014 सालचा डेस्कटॉप आहे, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय थ्री. त्यावर विंडोज 10 आहे आणि त्याचे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो, म्हणजे हे मशीन बाद. मे महिन्यात मी जाणार आहे, तेव्हा नवं घेऊन द्यायचं मनात आहे.

काम असं: बाबा दिवसभर जुने फोटो स्कॅन करतात, घराण्याची कागदपत्रं मराठीत टाइप करतात, रविवारी नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. संध्याकाळी धाकटा भाऊ त्याच मशीनवर हळदीच्या दुकानाचे हिशेब टॅलीत भरतो.

मी इथंच भाग घेऊन मशीन जोडावं आणि बॅगेतून न्यावं म्हणतोय. एएमडीचा रायझन 7 प्रोसेसर, 32 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट. ॲपलचा मॅक मिनीही डोक्यात आहे. जाणकारांनी सांगावं.

---

प्रेषक: विश्रामबागकर काका, ह्यूस्टन

> वेगळं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट

अरे, वडिलांना कागद टाइप करायचेत की नातवंडांबरोबर लढाया खेळायच्यात?

इथून मुळीच नेऊ नकोस. माझं ऐक, मी हात पोळून घेतलेत. 2009 साली असंच हौसेनं मशीन जोडून नेलं. स्वस्तातला पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज मशीनला पुरवणारा डबा) होता, मागं लाल बटण, त्यावर 115 आणि 230. इथल्या 120 व्होल्टसाठी ते 115 वर होतं. घरी पोचलो, चहा होईपर्यंत आमच्या अण्णांनी कौतुकानं पिन भिंतीत खोचली. फट्ट! दिवाळीतली लवंगी बरी. खोलीभर जळका वास आणि अण्णांच्या चेहऱ्यावर असा भाव, की पोराचं चार हजार डॉलरचं शिक्षण यांनीच जाळलं. आता चांगले सप्लाय 100 ते 240 आपोआप सांभाळतात, पण मुद्दा तो नाही. तिथं बिघडलं तर कोण बघणार? इथल्या बिलावर तिथं वॉरंटी मिळेलच असं नाही. आणि कस्टममध्ये वेगळी सूट एका लॅपटॉपला आहे, डेस्कटॉपच्या डब्याला नाही.

सांगलीतच असेंबल करून घे. बिल भावाच्या दुकानाच्या जीएसटी नंबरावर घेतलंस तर 18 टक्के कराचं काय करायचं ते त्याच्या सीएला विचार.

---

प्रेषक: मिरजेची ताई (सध्या खरंच मिरजेत, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन)

काकांशी सहमत. मॅक मिनी विसर बाळा. मशीन छान आहे, पण टॅली विंडोजचं आहे, भाऊ रोज संध्याकाळी तुझ्या नावानं खडे फोडेल. आणि बाबांच्या जुन्या फाइली युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसायची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर त्या दुसरीकडं उघडल्या की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. आमच्या बाबांचं असंच झालं होतं. आधी ते विचारून घे.

मी गेल्या आठवड्यात भाचीसाठी तीन दुकानांतून कोटेशन घेतली, म्हणून ताजं सांगते. रॅम चांगलीच महाग झालीय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळं 2025 च्या दिवाळीच्या सुमारापासून भाव चढलेत. त्यामुळं 32 चा हट्ट सोड. या कामाला 16 पुरते. फक्त 8-8 च्या दोन स्टिक घे, एकच 16 ची नको. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच वापरणार असशील तर ते रॅमच वापरतं, म्हणून दोन स्टिकनी फरक पडतो. वाचलेले पैसे एसएसडीत (फाइली साठवणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये) घाल.

आणि प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट वाच. इंटेलच्या 12400 मध्ये ग्राफिक्स आहे, 12400एफ मध्ये नाही. रायझनचं उलटं: 5600जी मध्ये आहे, नुसत्या 5600 मध्ये नाही. एका दुकानदारानं मला ‘एफ’वालं स्वस्त पडतंय म्हणून लावलं, आणि खालच्या ओळीत हळूच ग्राफिक्स कार्ड जोडलं. मी म्हटलं, दादा, स्वस्त कुठं झालं मग?

यूपीएसचा हिशेब पण आत्ताच कर. आपल्याकडं वळवाचं एक ढग आलं की लाइट जाते. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॅट. 5600जी आणि मॉनिटर मिळून त्यावर निवांत चालतील, फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ मिळेल. तुझं ते लढायांचं मशीन लाइट गेल्या क्षणी त्याला आडवं करेल.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या घरात 2019 च्या पुरात पाणी किती होतं?

---

प्रेषक: गावभागकर, न्यू जर्सी

ताई, खांद्याला लागेल एवढं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं. 2021 ला पुन्हा घरात शिरलं. दोन्ही वेळा भावानं कॅबिनेट माडीवर नेलं, मागच्या वायरी उपटून, अंधारात. म्हणून आता मला मिनी पीसी बरा वाटायला लागलाय. वीतभर डबा, उचलला की पिशवीत.

---

प्रेषक: विश्रामबागकर काका, ह्यूस्टन

उचलायचा असतो डेटा, डबा नव्हे. एक टीबीची बाहेरची एसएसडी घे, ती बाबांच्या औषधांच्या डब्यात राहू दे. दर रविवारी तुझा फोन झाला की भावानं कॉपी मारायची. पूर आला की औषधं तर कुणी विसरत नाही.

मिनी पीसीचा मुख्य बोर्ड गेला की अख्खा डबा गेला, काहींची तर रॅमही बोर्डावरच सोल्डर केलेली असते. डेस्कटॉपच्या साध्या, मायक्रो एटीएक्स मापाच्या कॅबिनेटमधला सप्लाय गेला तर संध्याकाळपर्यंत नवा बसतो. सांगलीतल्या कुठल्याही पोराला तो बदलता येतो.

---

प्रेषक: मिरजेची ताई

काका, तुमच्या सप्लायवर अजून राग आहे वाटतं :) पण मिनी पीसीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. ऑफिससाठी बनवलेल्यांत रॅम बदलता येते, मॉनिटरच्या पाठीला स्क्रूनं बसतात, वीज कमी खातात. टॅली आणि टायपिंग त्यावर आरामात होईल. माझा कौल पन्नास-पन्नास. बाबांनाच का नाही विचारत?

---

प्रेषक: गावभागकर, न्यू जर्सी

विचारलं. बाबांनी प्रोसेसर, रॅम वगैरे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते तुम्ही बघा. माझा कीबोर्ड लागला पाहिजे.” तो 2003 सालचा आहे, त्यावर आईनं स्वतः मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेत. ‘ळ’चा उडालाय, तिथं बॉलपेननं लिहिलंय. त्याची पिन गोल, जांभळी.

---

प्रेषक: मिरजेची ताई

मग मिनी पीसी बाद, बहुतेकांना त्या पिनेची जागा नसते. बऱ्याच मायक्रो एटीएक्स बोर्डांवर अजून गोल पोर्ट येतो. पैसे देण्याआधी बोर्डाची मागची बाजू दाखवायला सांग. उद्या दुकानांत जातेच आहे, फोटो काढून पाठवते.

---

प्रेषक: विश्रामबागकर काका, ह्यूस्टन

गोल पिनचं यूएसबी करणारं कन्व्हर्टर शे-दीडशेत मिळतं. पण सांगू नकोस त्यांना. बोर्डावर सरळ लागू दे.