सिएनाच्या चौकातील संगमरवरी कारंजे मूळचे आहे का?

प्रश्न : मागच्या महिन्यात इटलीतील सिएना शहरात दोन दिवस मुक्काम होता. शिंपल्याच्या आकाराच्या 'पियाझ्झा देल काम्पो' या चौकात, उताराच्या वरच्या अंगाला 'फोंते गाया' हे संगमरवरी कारंजे आहे. लांडगीच्या तोंडातून पडणारे पाणी कबुतरे तिच्या डोक्यावर बसून, मान वाकवून पीत होती. हे काम याकोपो देल्ला क्वेर्च्या या शिल्पकाराचे, असे मी वाचले होते. मार्गदर्शकांनी मात्र ही प्रतिकृती असल्याचे सांगितले. मग मूळ शिल्पे कुठे आहेत आणि ती का हलवली?

उत्तर १ : मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. याकोपोने हे काम १४१९ मध्ये पुरे केले आणि त्यामुळे लोक त्याला 'याकोपो देल्ला फोंते' (कारंज्याचा याकोपो) म्हणू लागले. त्याने वापरलेला स्थानिक संगमरवर मात्र ऊन-पावसात फार झिजला. म्हणून एकोणिसाव्या शतकात तितो सार्रोक्की याने कारारा येथील संगमरवरात प्रतिकृती घडवली. मूळ शिल्पे कॅथेड्रलसमोरच्या 'सांता मारिया देल्ला स्काला' या जुन्या रुग्णालयात, म्हणजे आताच्या संग्रहालयात आहेत. आदम-ईव्ह यांच्या हकालपट्टीचा फलक इतका झिजला आहे की आकृत्या लक्षपूर्वक पाहाव्या लागतात, तरीही शरीरांचा तो जोर माझ्या मते प्रतिकृतीत उतरलेला नाही.

उत्तर २ : शिल्पांइतकाच पाण्याचा इतिहासही मोलाचा आहे. सिएना टेकड्यांवर वसलेले असून शहरात नदी नाही. त्यामुळे वालुकाश्मात हाताने बोगदे खोदून, खडकातून झिरपणारे पाणी अगदी मंद उताराने शहरात आणले गेले. 'बोत्तिनी' नावाच्या या बोगद्यांचे जाळे सुमारे २५ किलोमीटर लांब आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात चौकात पाणी पोहोचले, तेव्हा लोकांना जो आनंद झाला त्यावरून कारंज्याला 'फोंते गाया' हे नाव पडले, असे मानतात. 'गाया' म्हणजे आनंदी. याकोपोच्या आधी येथे व्हीनस या रोमन प्रेमदेवतेची प्राचीन मूर्ती उभी होती. शहरावर आलेल्या संकटांचा दोष तिच्यावर ठेवून १३५७ मध्ये ती उतरवण्यात आली आणि शत्रूला अपाय व्हावा म्हणून तिचे तुकडे फ्लोरेन्सच्या हद्दीत पुरले, अशी हकीकत शिल्पकार गिबर्तीने लिहून ठेवली आहे.

उत्तर ३ : एक पुरवणी. रोमचा संस्थापक रोम्युलस याचा जुळा भाऊ रेमस, त्याच्या मुलांनी सिएना वसवले, अशी दंतकथा आहे; त्यामुळे याकोपोने रेमसची आई रेआ सिल्व्हिया आणि त्याला वाढवणारी आक्का लारेन्तिया यांच्या स्वतंत्र मूर्तीही घडवल्या होत्या. प्रतिकृतीत या दोन्ही मूर्ती नाहीत. पुन्हा जाणे झाले तर संग्रहालयात आधी त्यांच्यापाशी थांबावे.